ज्याने बांधला त्यानेच सोडायचा

सोनवणे काकांच्या छत्रीला टॅग होता. प्रवासात बॅगेला लावतात तसला नाही. पिवळ्या पुठ्ठ्याचा, वर भोक, भोकातून तांब्याची बारीक तार, आणि त्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: 'काय केलं: फुटक्या मुठीला वायरची टेप गुंडाळली. का: तशी मूठ बोईसरमध्ये मिळत नाही. कधी काढायचं: मूठ मिळाली की. कोणी: भा. सोनवणे.' सगळ्यात खाली 'पडताळणी', आणि त्यापुढे मंगलाकाकूंची सही.

त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात असे टॅग कुठे कुठे लटकत होते. फ्रिजच्या दाराला, गॅलरीतल्या नळाला, स्टुलाच्या चौथ्या पायाला. भिंतीवरच्या घड्याळाचा टॅग तर मला पाठ आहे. 'काय केलं: पाच मिनिटं पुढे ठेवलं. का: मंगलाला उशीर होतो.' आणि पडताळणीपुढे काकूंच्या अक्षरात: 'खोटं आहे. यांना होतो.'

काकांनी तो टॅग बदलला नाही. "पडताळणी करणाऱ्याला मत असतं," म्हणाले. "नाहीतर सही कशाला घ्यायची?"

मूळचे ते जळगावकडचे. आयटीआय करून तरुणपणी बोईसरला आले, तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून चिकटले, ते निवृत्त होईपर्यंत. कारखान्यात त्यांना टॅगवाले म्हणत. "टॅगवाले साहब आ गए, सब छुपाओ," अशी हाळी ते शेडमध्ये शिरले की उठायची. ही हाळी स्वतःच नक्कल करून सांगताना त्यांना फार आनंद व्हायचा.

त्या नावामागे एक हकीकत होती. कारखान्यात दुरुस्ती चालू असताना धोक्याची घंटा उगाच वाजू नये म्हणून तारेचा एक तुकडा जोडून तिला मुकी करतात. काम संपलं की तो तुकडा काढायचा असतो. म्हणून तिथे टॅग लावायचा नियम: कोणी जोडला, का, कधी काढणार. आणि ज्याने टॅग बांधला त्यानेच तो सोडायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. काकांना एकदा एका टाकीच्या घंटेवर बिनटॅगचा तुकडा सापडला. तिन्ही पाळ्यांत विचारून झालं, कुणीच "माझा" म्हणेना. काकांनी तो उपटला. उपटल्याबरोबर घंटा बोंबलायला लागली, प्लांट थांबला, आणि साहेब धावत आले.

"कोणी काढलं?"

"मी."

"कोणाला विचारून?"

"ज्याला विचारायचं त्याचं नावच लिहिलेलं नव्हतं, साहेब."

मग टाकी बघितली. काठोकाठ भरलेली होती. घंटा खरीच वाजत होती, कितीतरी दिवस, आणि तिचं तोंड दाबून ठेवलेलं होतं.

त्या दिवशी काकांनी एका पुठ्ठ्यावर दोन वाक्यं लिहिली आणि टेबलासमोर लावली. निवृत्त झाल्यावर तो पुठ्ठा घरी आला: 'टॅग नाही त्याला मालक नाही. मालक नाही त्याला जागा नाही.' मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला. म्हटलं, हे माझ्या पुढच्या पत्रकाच्या डोक्यावर छापणार.

याच दोन वाक्यांपायी काका पुढे तोंडावर आपटले. पण ते नंतर.

माझं सांगायचं तर मी पत्रकं लिहिते. पालघरजवळच्या माहीमची आहे, वाडीतली. कॉलेजात असल्यापासून आमचा पाच-सहा जणांचा गट आहे आणि आमचं भांडण साधं आहे: शाळेत, ग्रामपंचायतीत, सोसायटीत जे सॉफ्टवेअर चालतं ते लोकांचं असलं पाहिजे. ज्याचं लिखाण कुणालाही वाचता येईल, दुरुस्त करता येईल, शेजाऱ्याला देता येईल, असं. आपल्या मुलांनी फळ्यावरचा खडू वापरायला कुणा परक्या कंपनीची परवानगी घ्यायची नाही, मग संगणकाला का घ्यायची? असं मी लिहिते, असंच बोलते, आणि त्यामुळे मला लग्नकार्याला कमी बोलावतात. पत्रक कसं लिहायचं ते मला झोपेतही येतं. एक शत्रू, तीन मागण्या, एक घोषणा.

पालघरला आम्ही ज्येष्ठांसाठी संगणकाचा मोफत वर्ग घ्यायचो. काका तिथे आले. बाकीचे नातवंडांचे फोटो कसे उघडायचे ते विचारत. काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "याच्या आतलं वायरिंग कुठे बघायला मिळेल?" मी म्हटलं, आमच्याकडे मिळतं, तेच तर आमचं भांडण आहे. चार महिन्यांत ते माझ्यापुढे गेले. मला हाक मारायचे "कार्यकर्त्या" म्हणून. त्यात टोमणा किती आणि माया किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या गटाचं एक काम मला सगळ्यात प्यारं होतं. सातपाटीच्या धक्क्यावर, बर्फाच्या शेडमध्ये, आम्ही भंगारातला एक टीव्ही आणि एक जुना संगणक बसवला होता. त्यावर दिवसभर भरती-ओहोटीच्या वेळा दिसत. सातपाटीच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला आहे (त्यावर माझी वेगळी पत्रकं आहेत). मासळीने भरलेली बोट भरतीच्या पाण्यावरच आत येऊ शकते. जुन्या नाखव्यांना वेळ तिथीवरून तोंडपाठ असते. पण आता बोटीवर खलाशी बाहेरगावचे, बर्फाची गाडी पालघरहून येणारी, आणि मासळी विकणाऱ्या बायकांना घरचं आटोपून नेमकं कधी धक्क्यावर यायचं ते हवं असतं. टीव्ही सगळ्यांच्या सोयीचा झाला. लोक त्याचा फोटो काढून एकमेकांना पाठवायचे.

ज्या छोट्या प्रोग्रॅमवर हे चालायचं, तो परदेशातल्या एका माणसाने हौसेने लिहिलेला होता. आमच्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो तयार पॅकेज होऊन यायचा. असं पॅकेज आपोआप होत नाही. कुणीतरी स्वयंसेवक ते सांभाळतो: मूळ लिखाण घेतो, त्यात लागतील त्या दुरुस्त्या करतो, आणि जगभर पाठवतो. एक दिवस सूचना आली. या पॅकेजच्या सांभाळणाऱ्याने काम सोडलं आहे, पॅकेज निराधार आहे, पुढच्या आवृत्तीआधी कुणी हातात घेतलं नाही तर ते यादीतून काढण्यात येईल.

मी पेटले. त्याच संध्याकाळी बोईसरला काकांकडे जाऊन पत्रकाचा मसुदा वाचून दाखवला. 'मच्छीमारांच्या भरतीवर कुऱ्हाड!' असं शीर्षक होतं.

काकांनी चहा बशीत ओतला. "कोणाविरुद्ध आहे हे?"

"त्यांच्याविरुद्ध. जे काढतायत."

"ते कोण?"

"म्हणजे... ते चालवणारे."

"त्यांना पगार आहे का?"

"नाही."

"मालक आहे कुणी?"

"नाही. तेच तर आपलं..."

"मालक नाही म्हणजे आपणच की," काका म्हणाले. "तू मोर्चा आपल्याच घरावर काढतेयस, कार्यकर्त्या. बस. चहा घे."

काकूंनी आतून विचारलं, "काय नवीन गळ्यात घेताय आता?"

"छोटं आहे," काका म्हणाले. काकूंनी भांडं जरा जोरात ठेवलं.

छोटं नव्हतं. नव्या माणसाला पॅकेज थेट जगभर पाठवता येत नाही. आधी एखाद्या जुन्या जाणत्याने ते तपासून पुढे पाठवावं लागतं. काकांच्या वाट्याला मार्टा नावाच्या एक परदेशी बाई आल्या. त्यांचं पहिलंच उत्तर रोखठोक होतं. जुन्या सांभाळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेले बदल एकाच फायलीत एकमेकांत कालवून ठेवले आहेत, काय कशासाठी ते कळत नाही. हे गाठोडं चालणार नाही. मूळ लेखकाचं लिखाण जसंच्या तसं ठेवा. त्यावर आपला प्रत्येक बदल वेगळ्या छोट्या पॅचमध्ये, म्हणजे ठिगळात, ठरलेल्या क्रमाने. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर लिहा: काय केलं, का केलं, कोणी केलं, मूळ लेखकाला कळवलं की नाही.

मला वाटलं, ही अडवणूक आहे. काका मात्र चष्मा काढून खुर्चीत मागे रेलले, चेहरा असा की लॉटरी लागली.

"ही बाई आमच्या प्लांटमध्ये पाहिजे होती," ते म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस त्या घरात चालणं मुश्कील होतं. काकांनी ते सगळं गाठोडं कागदावर छापलं, कात्रीने कापलं, आणि गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगलं. सदतीस बदल. डावीकडून उजवीकडे क्रम. एक चिमटा इकडचा तिकडे केला की काका संगणकावर जाऊन बघायचे, या क्रमाने सगळे पॅच बसतात का. एखादा अडला की परत गॅलरीत. काही पॅच मूळ लेखकाने मधल्या काळात स्वतःच नव्या आवृत्तीत घेतले होते. ते काका दोरीवरून उतरवत आणि म्हणत, "हा घरी पोचला." प्रत्येक उतरवलेल्या कागदाची घडी, त्यावर तारीख, मग डब्यात.

"माझे कपडे कुठे वाळत घालू?" काकूंनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

"दोन दिवस."

"टॅग लावा मग दोरीला. कधी काढणार ते लिहा."

काकांनी खरंच लावला. तारीख मात्र तीनदा खोडली.

उरलेल्या प्रत्येक पॅचचा इतिहास त्यांनी जुन्या पत्रव्यवहारातून खणून काढला. हा जपानमधल्या कुणाचा, हा ब्राझीलमधल्या एका शिक्षिकेचा, तिच्या गावच्या नदीसाठी. कुणाचं नाव सापडलं की त्यांना असा आनंद व्हायचा जसा हरवलेला नातेवाईक भेटला. मूळ लेखकाला ते एकेक पॅच पाठवत, "तुम्हालाच हा ठेवायला आवडेल का?" असं विचारून. माझ्या पत्रकांत 'तुम्हाला आवडेल का' असे शब्द कधी आले नव्हते.

शेवटी एक कागद उरला. दोनच ओळींचा बदल: दाखवण्याआधी वेळेतून तीस मिनिटं वजा कर. नाव नाही, कारण नाही, कुठल्याच पत्रात उल्लेख नाही. काकांनी आठवडाभर शोधलं. मग टेबलासमोरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं आणि तो कागद दोरीवरून उतरवला.

"टॅग नाही त्याला मालक नाही," ते म्हणाले.

"मालक नाही त्याला जागा नाही!" मी म्हटलं. घोषणेसारखं. हे मला लिहायला हवं, म्हणून लिहिते. मी टाळीही वाजवली होती.

नवीन पॅकेज मार्टाबाईंकडे धाडण्याआधी काकांनी ते सातपाटीच्या संगणकावर बसवलं. "आधी आपल्या दारात चालवायचं, मग जगाला द्यायचं," हा त्यांचा दुसरा नियम. चौथ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता मला धक्क्यावरून फोन आला. कुसुमबाय होती. मासळीच्या लिलावात तिचा आवाज पहिला असतो आणि तिच्या घरची एक बोट आहे. फोनवर ती फक्त म्हणाली, "ये आनि बग." मी काकांना कळवलं आणि गाडी काढली.

खाडीच्या तोंडाशी तिची बोट चिखलात कलंडून बसली होती. खलाशी गुडघाभर गाळात. कुणाला लागलं नव्हतं, पण बोट भरलेली, वर ऊन चढत होतं, आणि पुढची भरती संध्याकाळी.

"काय ग पोरी, ह्योच ना तुजा टीवी?" कुसुमबायने शेडकडे हात केला. "साडेसा वाजता भरती दाखवतो. त्यावर अर्दा तास पानी थांबतो म्हनून माज्या पोरान सात धरला, सातला आला. पानी तर सा वाजताच भरून परत फिरलेला! आज बाजारात मी काय पाटीत पानी घेऊन बसू?"

जनार्दन नाखवा तिथेच दोरीच्या गुंडाळीवर बसले होते. सातपाटीतले सगळ्यात जुने नाखवा, टीव्ही लावला त्या दिवसापासून त्याच्याकडे सवतीसारखं बघणारे.

"आज तिथी काय?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत नव्हती.

"अष्टमी. आठाची पाऊनपट किती? सा. सा वाजता भरती. त्यात भांगाचं दिवस, पानी आदीच कमी. ह्याला काय शालेत जावा लागत नाय. आबालात चांद हाय, तो सोडून तुमी डबा बगता."

तेवढ्यात काका आले. पालघरहून सहा आसनी रिक्षाने, गुडघा धरत उतरले. टीव्हीवरची वेळ बघितली, नाखव्यांची वेळ ऐकली, मनगटावरचं घड्याळ बघितलं. "अर्धा तास," एवढंच म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. मला तेव्हा कळलं नाही. त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं.

झालं होतं ते असं. मूळ लेखकाच्या देशात घड्याळं पूर्ण तासांवर चालतात, आपल्यासारखा साडेपाच तासांचा हिशोब त्याला माहीत नव्हता. फार पूर्वी कुणीतरी भारतातल्या ठिकाणांच्या माहितीत तो अर्धा तास हाताने घालून टाकला. पुढे दुसऱ्या कुणीतरी प्रोग्रॅमलाच अर्धे तास शिकवले. मग अर्धा तास दोनदा धरला जाऊ लागला. तेव्हा तिसऱ्याने गुपचूप एकदा वजा केला. त्या तिसऱ्याने टॅग लावला नव्हता. आणि काकांनी नेमकं त्यालाच घराबाहेर काढलं होतं.

माझं डोकं चाललं ते माझ्या सवयीने. मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, "गाळ काढला असता तर बोट बसलीच नसती. आपण गाळावर बोलू. लोक चिडलेच आहेत."

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण मी विसरणार नाही असं.

"गाळ आहेच," ते म्हणाले. "त्यावर तू लिही, मी वाटायला येईन. पण आजचा अर्धा तास माझा आहे."

मग ते कुसुमबायसमोर जाऊन उभे राहिले. चपला काढून. का ते मला आजही सांगता येणार नाही. "बाई, चूक माझी आहे. मला एका गोष्टीचं कारण कळलं नाही, आणि कारण कळलं नाही म्हणून मी ती काढून टाकली. तुमची बोट त्यामुळे बसली."

 कुसुमबायकडे भांडणाची पूर्ण तयारी होती आणि समोर भांडायला कुणी नव्हतं.

"मंग आता काय?" ती शेवटी म्हणाली.

काकांनी पिशवीतून पुठ्ठा काढला. या वेळी लाल. धक्क्यावरच्या त्या गर्दीत, बर्फाच्या पेटीवर ठेवून, त्यांनी टॅग लिहिला आणि टीव्हीला तारेने बांधला. 'वेळेवर भरवसा ठेवू नये. जनार्दन नाखव्यांना विचारावे. का: मी कारण न समजता एक बदल काढला. कधी काढायचं: दुरुस्त होऊन पडताळणी झाल्यावर. कोणी: भास्कर सोनवणे.' पडताळणीपुढची जागा कोरी.

"ज्याने बांधला त्यानेच सोडायचा," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "मी येईपर्यंत हात लावू नका."

नाखव्यांनी टॅग वाचला. आपलं नाव दोनदा वाचलं. मग गुंडाळीवरून उठून त्यांनी काकांना बसायला जागा दिली.

मला वाटलं होतं, काका आता सोडून देतील. काकूंनाही तसं वाटलं असावं, कारण त्या संध्याकाळी त्यांनी दोरीवरचे कागद स्वतःहून नीट केले, एकही चिमटा न हलवता. काकांनी मात्र आधी मार्टाबाईंना पत्र लिहिलं आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मी म्हटलं, तपासणाऱ्यालाच आपली चूक कशाला सांगायची, नव्या माणसाला नाकारतील. काका म्हणाले, "मग नाकारू देत. न सांगता घेतलं तर ते पुन्हा गाठोडंच झालं."

मग ते जुन्या सांभाळणाऱ्याच्या मागे लागले, ज्याने काम सोडलं होतं. तीन पत्रांनंतर उत्तर आलं. हो, ते तीस मिनिटं वजा करणं माझंच. घाईत केलं, त्याच आठवड्यात मुलगी झाली, कारण लिहायचं राहून गेलं. आता ती शाळेत जाते. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.

काकांनी ते पत्र काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. मग टेबलासमोरचा पुठ्ठा उतरवला. कारखान्यातून आलेला, कडा काळ्या पडलेला. त्यातलं दुसरं वाक्य त्यांनी एका रेघेने खोडलं. वाचता येईल असं खोडलं, गिरबटलं नाही. आणि खाली लिहिलं: 'मालक नाही तर मालक शोध. मग ठरव.'

दुरुस्ती त्यांनी तो पॅच नुसता परत घालून केली नाही. हाताने घातलेला जुना अर्धा तास आणि तो वजा करणारा पॅच, दोन्ही एकत्र काढले. प्रोग्रॅमला अर्धे तास शिकवणारा एकटा खरा पॅच ठेवला. त्याच्या डोक्यावर सगळी हकीकत लिहिली, तिघांची नावं घालून, आणि चौथं स्वतःचं: 'मध्यंतरी मी हे बिघडवलं होतं.' जगात कुणालाही वाचता येईल अशा जागी ते वाक्य आता आहे.

पडताळणी नाखव्यांनी करायची ठरली. काका आपल्या लॅपटॉपवर दुरुस्त केलेला प्रोग्रॅम घेऊन येत. एका अष्टमीपासून पुढच्या अष्टमीपर्यंत रोज, दिवसाउजेडी जी भरती असेल त्या वेळेला, बोईसरहून सातपाटी. नाखवा बोटांवर तिथीची पाऊणपट करायचे, वर खाडीचा आपला अंदाज घालायचे, काका स्क्रीन बघायचे, आणि दोघं पाण्याकडे बघत बसायचे. धक्क्याच्या भिंतीवर खडूच्या दोन रेघा असायच्या, एक नाखव्यांची, एक काकांची.

"तुमचा डबा आज सात मिनिट माज्या पुढं," नाखवा म्हणायचे.

"वारा कुठला आहे?"

"वरचा, उत्तरेचा."

"मग तो माझ्या डब्यात नाही. तो तुमच्याकडेच राहणार."

हे ऐकून नाखवा इतके खूष व्हायचे की चहा सांगायचे. नाखवा कुणाला चहा सांगतात हे कुसुमबायने मला दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, आश्चर्याने सांगितलं.

मार्टाबाईंचं उत्तर मुदत संपायच्या थोडं आधी आलं. त्यांनी प्रत्येक पॅच वाचला होता, दोन ठिकाणी शंका काढल्या होत्या, काकांनी त्या त्याच दिवशी मिटवल्या. मग एका ओळीचं पत्र: घेतलं, आणि असं नीट लावलेलं काम पुन्हा पाठवाल तर आनंदाने तपासेन. पॅकेज यादीत राहिलं. सांभाळणाऱ्याच्या जागी बोईसरच्या भास्कर सोनवण्यांचं नाव आलं. मी अर्थातच पत्रक काढलं. काकांनी त्यातल्या चार वाक्यांवर टिचकी मारून विचारलं, "हे कोणी सांगितलं? हे कशावरून?" दोन मी काढली. दोन भांडून ठेवली. पत्रकाच्या तळाशी आता मी एक ओळ लिहिते: यात चूक आढळल्यास ती माझी आहे, खालच्या नावावर कळवा. गटातली मंडळी म्हणतात, याने पत्रकाची धार जाते. जाऊ दे.

त्याच सुमारास ठरलं की काका-काकू नाशिकला मुलीकडे कायमचे जाणार. गुडघा, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मी हळहळले तर काका म्हणाले, "पॅकेज कुठूनही सांभाळता येतं. काळजी कसली?"

नवीन पॅकेज नेहमीच्या वाटेने सातपाटीच्या संगणकावर आपोआप येऊन पोचलं. वेळा बरोबर दिसू लागल्या. पण लाल टॅग तसाच. एक दिवस मी धक्क्यावर गेले असताना सहज तो सोडायला हात घातला. कुसुमबायने माझ्या हातावर चापट मारली.

"हात नको लावू. त्याचा हाय तो."

जवळ जाऊन बघितलं तर खाऱ्या हवेने अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून कुणीतरी टॅगला प्लॅस्टिकची पिशवी घालून वर सुतळी बांधली होती. गाठ जाळ्याची होती, म्हणजे नाखव्यांचीच.

मी काकांना फोन केला. म्हटलं, तुम्ही फोनवर हो म्हणा, मी सोडते. ते म्हणाले, "पॅकेज कुठूनही सांभाळता येतं. टॅग तिथे येऊनच सोडावा लागतो."

सामानाचा टेम्पो बोईसरहून पुढे गेला आणि काका-काकू रिक्षाने सातपाटीला आले. अंगावर प्रवासाचे कपडे, काकूंच्या हातात डबा, काकांच्या हातात ती टेप गुंडाळलेली छत्री. सकाळची भरती व्हायची होती. काका टीव्हीसमोर उभे राहिले, मग धक्क्याच्या टोकाला गेले आणि घड्याळ बघत थांबले. नाखवा त्यांच्या शेजारी. दोघांनी एकमेकांना वेळ विचारली नाही. कुसुमबायची बोट तोंडाशी दिसली, गाळावरच्या पाण्यावरून जराही न अडता आत आली, आणि धक्क्याला लागली. टीव्हीवरची वेळ आणि पाण्याची वेळ एकच होती.

काकांनी प्लॅस्टिक काढलं, तार उलगडली, टॅग सोडला. मागच्या बाजूला तारीख लिहिली, 'काढला', सही केली. मग टॅग आणि पेन नाखव्यांपुढे धरलं. पडताळणीची जागा कोरीच होती. नाखव्यांनी हात लुंगीला पुसला, टॅग भिंतीवर धरला, आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. काकांनी टॅग फुंकर मारून वाळवला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"नाशिकला भरती नाय," नाखवा म्हणाले.

"म्हणून तर विचारायला फोन करणार," काका म्हणाले.

मी रिक्षापर्यंत गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले होते, जोड्या-जोड्यांनी, ओळीने, कुठे फट नाही. रिक्षा सुरू झाली तशी काकांनी डोकं बाहेर काढून त्या ओळींकडे बोट केलं.

"बघ मंगला, किती नीट लावलंय. आणि इथे कुणी तक्रार करत नाही."

"त्यांची दोरी त्यांची आहे," काकू म्हणाल्या. "तुमची माझी होती."